रिकाम्या जागा आणि नवी भाषा

आमच्या घरात हल्ली 'आर' नावाचं एक प्रकरण शिरलंय. एवढंच नाव, एका अक्षराचं. आईला फोनवर सांगितलं की मी आर शिकतेय, तर तिला वाटलं लाइन कट झाली आणि पुढचा शब्द ऐकूच आला नाही. नणंदेने विचारलं, "आर म्हणजे आरतीसंग्रह का गं?" त्यामुळे समस्त नातेवाइकांसाठी आधी खुलासा करते. आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती करायला घेतली. दोघांचंही पहिलं नाव इंग्रजी आर अक्षराने सुरू होतं. शिवाय अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि मंडळींनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या आधीच्या भाषेचं नाव होतं 'एस'. म्हणून ही एसची धाकटी बहीण आर. १९९५ पासून ती खुली आणि मोफत आहे. १.०.० ही आवृत्ती आली २९ फेब्रुवारी २००० रोजी. म्हणजे चार वर्षांतून एकदाच वाढदिवस, खर्चाला बरं!

आता या वयात हे कशाला, हा पुढचा प्रश्न. मी लहान मुलांच्या पोषणावर काम करणाऱ्या संस्थेत आकड्यांचं काम बघते. गावोगावच्या अंगणवाड्यांतल्या मुलांची वजनं, उंच्या आमच्याकडे येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वाढीची मानकं प्रसिद्ध केली. ती ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या मुलांच्या मोजमापांवरून बनवली आहेत. आपलं मूल त्याच्या वयाच्या मानकापासून किती लांब आहे हे झेड-स्कोर नावाच्या आकड्यात सांगतात. वयाच्या मानाने वजनाचा हा आकडा उणे दोनच्या खाली गेला की मूल कमी वजनाचं, उणे तीनच्याही खाली गेला की तीव्र कमी वजनाचं. हा सगळा हिशेब करणारं 'अँथ्रो' नावाचं पॅकेज खुद्द आरोग्य संघटनेने आरसाठी बनवून मोफत दिलंय. विकतच्या सॉफ्टवेअरचा परवाना दरवर्षी भरणं आमच्यासारख्या छोट्या संस्थेला जड जातं. तेव्हा आर शिकायचं ठरलं. बी.एस्सी.ला संख्याशास्त्र होतं, तेवढ्या शिदोरीवर.

भाषा ठरली, पण शिकायचं कुठून? पूर्वी असं नव्हतं. कॉलेजात एक क्रमिक पुस्तक असायचं, एक गाइड असायचं आणि एक सर असायचे. तिघांचं आपापसात पटत नसलं तरी परीक्षा पार पडायची. आता पुस्तकं, व्हिडिओ, कोर्स, लेख यांचा असा पूर आहे की शिकण्याच्या आधी निवडण्यातच महिना जातो. माझा भाचा म्हणाला, "मावशी, पुस्तकं कसली वाचतेस? व्हिडिओ बघ. नाहीतर सरळ एआयला विचार." तोही सल्ला मी टाकून दिला नाही, त्याबद्दल पुढे लिहिते. पण बरंच चाळून, थोडं वाचून, थोडं करून बघून माझे चार निकष तयार झाले. कोणाला उपयोग झाला तर होवो, म्हणून इथे मांडते.

पहिला निकष, पुस्तकाचं साल. कविता जुनी झाली म्हणून बिघडत नाही, संगणकाचं पुस्तक बिघडतं. आणि ते कुठे बिघडतं हे माहीत असलं तर जुनं पुस्तकही वापरता येतं. आरच्या बाबतीत एक रेघ ठळक आहे, ती म्हणजे एप्रिल २०२० मध्ये आलेली ४.०.० ही आवृत्ती. त्याआधी आर एखादा तक्ता वाचताना त्यातल्या शब्दांचे रकाने आपोआप 'फॅक्टर' नावाच्या प्रकारात बदलायचा. फॅक्टर म्हणजे आत नंबर आणि वर नावाची पट्टी, किराणा दुकानातल्या डब्यांसारखं. ४.०.० पासून शब्द शब्दच राहतात.

यात काय मोठंसं, असं वाटेल. आमच्या तक्त्याचं उदाहरण देते. वजनाच्या रकान्यात कोणीतरी एका ठिकाणी आकड्याऐवजी 'घेतले नाही' असं लिहिलं की आर तो सगळा रकानाच शब्दांचा मानतो. जुन्या आरमध्ये त्याचे फॅक्टर व्हायचे. आणि त्यांचे पुन्हा आकडे करायला गेलं की खरी वजनं न येता डब्यांचे क्रमांक हातात यायचे, १, २, ३ असे, तेही मुकाट्याने. नव्या आरमध्ये हेच केलं तर वजनं वजनंच राहतात, 'घेतले नाही'च्या जागी रिकामी खूण येते आणि वर इशाराही मिळतो. म्हणून २०२० च्या आधीचं पुस्तक हातात असेल तर एवढी एक चिठ्ठी त्याच्या पहिल्या पानाला चिकटवून ठेवावी.

दुसरा निकष, बोली. मराठीत जशी देशावरची, कोकणातली, वऱ्हाडातली बोली, तशा आरच्याही बोली आहेत. एक मूळची, जिला 'बेस आर' म्हणतात. दुसरी 'टायडीव्हर्स'ची. टायडीव्हर्स म्हणजे हॅडली विकम आणि सहकाऱ्यांनी बनवलेल्या पॅकेजांचा संच, त्या नावाने तो २०१६ मध्ये आला. दोन्ही आरच, दोन्ही शुद्ध, पण एकाच दिवशी दोन्ही शिकायला घेतल्या तर पुरणपोळीची अर्धी कृती एका आजीची आणि अर्धी दुसरीची असं होतं. पुरण गूळ घालून शिजवलेलं आणि कणीक मात्र तेलपोळीची.

यातला एक फरक मला फार गमतीदार वाटला. मूळ पद्धतीत एकात एक कंस घालत जायचं. म्हणजे 'वाढ(तूप लाव(भाज(लाट(पोळी))))'. वाचताना आतून बाहेर यावं लागतं. टायडीव्हर्सवाले 'पाइप' नावाची खूण वापरतात, २०१४ मध्ये एका पॅकेजातून ती आली, आणि इतकी लोकप्रिय झाली की मे २०२१ मध्ये आरच्या ४.१.० आवृत्तीत मूळ भाषेनेच स्वतःची पाइप आणली. पाइपने तेच वाक्य असं होतं: पोळी घे, मग लाट, मग भाज, मग तूप लाव, मग वाढ. इंग्रजी शिकवणारे ही खूण 'आणि मग' अशी वाचायला सांगतात. मला मात्र आपल्या भाषेतला 'ऊन' प्रत्यय आठवला. पोळी लाटून, भाजून, तूप लावून वाढ. मराठी माणूस जन्मभर पाइप लावूनच बोलतो, त्याला वेगळं शिकवायची गरज नाही! त्यामुळे मी सुरुवातीला टायडीव्हर्सची बोली धरली. कोणाचा पिंड गणिती असेल तर त्याला मूळ बोली जास्त स्वच्छ वाटेल. कुठलीही घ्या, पण पहिले तीन महिने एकच घ्या.

तिसरा निकष, शिकवणारा तुमच्याकडून करून घेतो की करून दाखवतो. व्हिडिओ बघताना सगळं समजतं. टीव्हीवर मोदक बघतानाही सगळं समजतं. पाकळ्या आपल्या हाताने वळायला बसलं की कळतं की उकड फाटतेय. म्हणून व्हिडिओ वाईट असं मी म्हणणार नाही, पण बघायचा तर अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ आणि अर्ध्यावर आर उघडून. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाची तर रचनाच अशी आहे. साधारण दहा-दहा मिनिटांचे छोटे धडे, बघत बघत शेजारी करून पाहायचं. तिथल्याच 'फॉसी' प्रकल्पाने आरचाही बराच प्रसार केला आहे. आरच्या आत बसूनच आर शिकवणारं 'स्वर्ल' नावाचं पॅकेजही आहे. ते प्रश्न विचारतं, आपण उत्तर टाइप करायचं, चुकलं की पुन्हा विचारतं. शाळेतल्या बाईंसारखं, फक्त पट्टी नाही.

आरसोबत येणारी 'अ‍ॅन इंट्रोडक्शन टु आर' ही पुस्तिका अनेकजण सुचवतात. ती मुळात एस भाषेच्या टिपणांवरून तयार झालेली आहे आणि सुरुवातीपासून वाचायला घेतली तर घास कोरडा लागतो. पण तिच्या शेवटी परिशिष्टात एक नमुन्याचं सत्र दिलंय, नवख्यांनी तिथून सुरू करावं असं पुस्तिकाच सांगते. ते टाइप करून बघायला अर्धा तास लागतो आणि भाषेचा चेहरा कळतो. आतल्या मदतीच्या पानांचं म्हणाल, तर तो शब्दकोश आहे. शब्द माहीत असला तर अर्थ सांगेल, शब्दकोश वाचून कोणी बोलायला शिकत नाही.

आता चौथा निकष, आणि याच्यासाठीच खरं तर एवढं लिहायला बसले. पुस्तक रिकाम्या जागेशी कसं वागतं?

आरमध्ये एक छोटासा तक्ता आधीपासून ठेवलेला असतो, 'एअरक्वालिटी' नावाचा. १९७३ च्या मे ते सप्टेंबर या काळातल्या न्यूयॉर्कच्या हवेच्या रोजच्या नोंदी, १५३ दिवसांच्या. त्यातल्या ओझोनची सरासरी काढ असं आरला सांगितलं तर तो आकडा देत नाही. 'एनए' एवढंच म्हणतो. एनए म्हणजे 'नॉट अव्हेलेबल', उपलब्ध नाही. कारण १५३ पैकी ३७ दिवसांची ओझोनची नोंद नाही. जे मोजलंच नाही ते धरून सरासरी किती, याचं खरं उत्तर 'ठाऊक नाही' हेच, आणि आर ते तोंडावर सांगतो. 'एनए-आरएम बरोबर ट्रू' असे शब्द आपण मुद्दाम जोडले, म्हणजे रिकाम्या जागा काढून टाकायला स्वतः सांगितलं, की मग सरासरी देतो, ४२.१३. एक्सेलमध्ये सरासरीचं सूत्र रिकामे चौकोन न विचारता वगळतं आणि आकडा देऊन मोकळं होतं. आर आधी तुमची सही घेतो.

आमच्या कामात ही सही फार महागाची आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बीडसारख्या जिल्ह्यातून कुटुंबंच्या कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर जातात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. बरोबर पोरंही जातात. अंगणवाडीत वजनकाटा तोच, सेविका तीच, मूल मात्र नाही. समजा एका अंगणवाडीत ४० मुलं आहेत. सप्टेंबरात सगळ्यांची वजनं झाली, १२ कमी वजनाची निघाली, म्हणजे ३० टक्के. जानेवारीत १० मुलं फडावर आहेत, त्यातली ६ आधीच कमी वजनाची होती. मागे राहिलेल्या ३० मध्ये कमी वजनाची ६, म्हणजे २० टक्के. कागदावर कुपोषण ३० वरून २० वर उतरलं. प्रत्यक्षात एकाही पोराचं वजन एक ग्रॅमनेही वाढलेलं नसेल. ज्यांची काळजी सगळ्यात जास्त करायला हवी, तीच मुलं भागाकारातून निघून गेली.

आता पुस्तकांकडे बघा. आर शिकवताना बहुतेकजण दोन तक्ते वापरतात. एक 'आयरिस', फुलांच्या पाकळ्यांची मापं. एडगर अँडरसन यांनी ही मापं घेतली आणि रोनाल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये ती वापरून प्रसिद्ध केली. तीन जाती, प्रत्येकी ५० फुलं. दुसरा 'एमटी-कार्स', १९७४ च्या एका अमेरिकन मासिकातल्या ३२ मोटारगाड्या. दोन्ही तक्त्यांत एकही जागा रिकामी नाही. फूल फडावर जात नाही. फक्त एवढ्यावर शिकलेला माणूस भाषा शिकतो, पण गैरहजेरी त्याच्या नजरेलाच पडत नाही. एप्रिल २०२५ च्या ४.५.० आवृत्तीपासून आरमध्ये पेंग्विन पक्ष्यांचा एक तक्ता आला आहे, त्यात काही नोंदी खरोखर रिकाम्या आहेत. मला त्याचा आनंद झाला. निदान पेंग्विन तरी गैरहजर राहतात :)

म्हणून नवं पुस्तक किंवा कोर्स हातात आला की मी आता आधी रिकाम्या नोंदींबद्दल काय लिहिलंय ते शोधते. 'एनए आला तर हे चार शब्द जोडा आणि पुढे चला' एवढंच असेल, तर ते पुस्तक मी संदर्भाला ठेवते, गुरू करत नाही. पीटर डालगार्ड यांचं 'इंट्रोडक्टरी स्टॅटिस्टिक्स विथ आर' (पहिली आवृत्ती २००२, दुसरी २००८) साल बघता जुनं आहे, पण ते वैद्यकीय आकडेवारीवर शिकवतं आणि आर रिकाम्या नोंदी आपणहून वगळत नाही हे लवकर सांगतं. संख्याशास्त्र विसरलेल्या माझ्यासारखीला ते बरं पडलं. आपल्या पुण्याच्या सुधा पुरोहित, शरद गोरे आणि शैलजा देशमुख यांचं 'स्टॅटिस्टिक्स यूजिंग आर' हे २००८ चं पुस्तकही आहे. ज्याला कॉलेजातलं संख्याशास्त्र आरमधून पुन्हा गिरवायचंय त्याने ते बघावं. दोन्हींना वर सांगितलेली २०२० ची चिठ्ठी लावायची.

माझं मुख्य पुस्तक मात्र ठरलं 'आर फॉर डेटा सायन्स'. विकम आणि गॅरेट ग्रोलमंड यांच्या या पुस्तकाची दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली, तिला मिने चेतिंकाया-रुंडेल याही लेखिका आहेत, आणि ते इंटरनेटवर मोफत वाचता येतं. त्यात रिकाम्या नोंदींवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. तिथे दोन प्रकार वेगळे केलेत. एक, ओळ आहे पण आकडा नाही. दुसरा, ओळच नाही. पहिल्यात निदान खूण असते. दुसऱ्यात तक्ता भरगच्च दिसतो, कुठेच काही कमी वाटत नाही. ज्या मुलाचं नाव त्या महिन्याच्या यादीतच लिहिलं गेलं नाही, ते या दुसऱ्या प्रकारात. अशा न लिहिलेल्या ओळी तक्त्यात परत आणणारी 'कम्प्लीट' नावाची एक आज्ञाही तिथेच शिकले. सगळ्या मुलांची नावं आणि सगळे महिने जुळवून, जिथे नोंद नाही तिथे ती एनए लिहून देते. मी ती आमच्या एका गटाच्या तक्त्यावर चालवली तेव्हा नोव्हेंबर ते मार्चच्या रकान्यांत एनएची रांगच्या रांग उभी राहिली. ती पोरं मला आधीही माहीत होती, पण पडद्यावर अशी ओळीने उभी कधी दिसली नव्हती.

भाच्याच्या सल्ल्याबद्दल. एआयला विचारून मी कोड लिहून घेते, नाकारायचं कारण नाही. चुकलेला कंस शोधायला तर त्याच्यासारखा सोबती नाही. पण मला त्याने लिहून दिलेल्या सरासरीच्या कोडमध्ये ते 'काढून टाक'चे चार शब्द न सांगता आधीच घातलेले होते. म्हणजे आर जी सही मागतो, ती परस्पर दुसऱ्याने करून टाकलेली. भाचा म्हणाला, "अगं, नाहीतर उत्तर एनए येईल ना!" मी म्हटलं, "अरे, तेच तर मला बघायचंय." त्याला जरा वेळ लागला, पण नंतर त्यानेच विचारलं, "मग आधी किती रिकाम्या आहेत ते मोजणारी ओळ त्याच्याकडून लिहून घेऊ या का?" पोरगा हुशार आहे.

तर सध्या असा क्रम चाललाय. सकाळी पाऊण तास, एक मुख्य पुस्तक, एक शंकेला, आणि सरावाला आमचाच तक्ता. फुलं आणि मोटारी पहिल्या आठवड्यातच संपवल्या. आपल्या तक्त्यावर शिकण्याचा फायदा असा की उत्तर विचित्र आलं तर लगेच खटकतं. दोन वर्षांच्या मुलाचं वजन एक्केचाळीस किलो आलं तर दशांश चिन्ह कुठे गेलं ते आपण शोधतोच. आयरिसच्या पाकळीबद्दल मला काय कळणार?

आणि शिकण्यातून निघालेली एक गोष्ट संगणकाच्या बाहेरची. आमच्या नोंदीच्या कागदावर आता वजनाच्या शेजारी एक अरुंद रकाना वाढवलाय, 'वजन का झालं नाही'. आजारी, गावी गेलं, फडावर, काटा बंद, असे पर्याय. महिन्याच्या बैठकीत तो दाखवला तेव्हा एक अंगणवाडी सेविका म्हणाली, "ताई, हे विचारायचं होतं तर आधीच विचारायचं. कोण कुठल्या फडावर हाय ते आमाला समदं ठावं असतंय." तिने तिथल्या तिथे, कागद न बघता, तिच्या अकरा मुलांचे कारखाने सांगितले. मी ते लिहून घेतले.